सर्वांचा ताल एक : तो राखावा कोणीं आणि कसा ?



आपल्या वार्षिक क्रीडासंमेलनांत सामुदायिक कवाईत होते हें तुम्हांस ठाऊकच आहे. दोनशें मुलांचे हात एकदम वर जातात, एकदम खालीं येतात, आणि मंडपांत बसलेले पालक कौतुकानें टाळ्या वाजवितात. परंतु त्यापूर्वींचे पंधरा दिवस ज्यांनीं पाहिले असतील त्यांनाच या शोभेची खरी किंमत कळेल. एके वर्षीं या कामाची थोडीशी देखरेख मजकडे होती. ध्वनिक्षेपक बिघडला होता आणि शिट्टीचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोंचत नव्हता. पुढचीं मुलें खालीं वांकत तेव्हां मागचीं वर होत. दहा मुलें तालाला पक्कीं होतीं. तीं मीं प्रथम पुढच्या रांगेंत उभीं केलीं. पुढची रांग सुधारली, मागच्या होत्या तशाच राहिल्या. मग तींच दहा मुलें एकेका रांगेच्या मध्यावर नेऊन ठेवलीं, आणि बाकीच्यांना एवढेंच सांगितलें कीं, "माझ्याकडे पाहूं नका, शेजाऱ्याकडे पाहा." तीन दिवसांत सगळें पटांगण एका ठेक्यावर चालूं लागलें.

मला तेव्हां वाटलें, ही आपलीच युक्ति. पुढें वाचनांत आलें कीं, याच युक्तीवर गणितशास्त्रांत मोठा विचार झालेला आहे. घटक पुष्कळ, प्रत्येकाची गति स्वतःची, प्रत्येकाचा संबंध थोड्याच शेजाऱ्यांशीं. अशा अफाट जाळ्यास एका तालावर कसें आणावें आणि आणल्यावर त्या तालावर कसें ठेवावें, हा आजच्या शास्त्राचा एक प्रमुख प्रश्न आहे. हा प्रश्न केवळ फळ्यावरचा नाहीं. आपल्या जिल्ह्यांतील शेतकऱ्यानें उसाला पाणी दिवसा द्यावें कीं मध्यरात्रीं, हें पुष्कळ अंशीं त्याच्याच उत्तरावर अवलंबून आहे. म्हणून त्याविषयीं आज चार शब्द लिहीत आहें.

या विचाराचा आरंभ एका आजारी माणसाच्या खोलींत झाला. इ. स. १६६५ मध्यें ह्युजेन्स नांवाचा डच शास्त्रज्ञ दुखण्यामुळें घरांत पडून होता. लंबकाचें घड्याळ त्यानेंच शोधून काढलेलें. समोर एकाच आधाराला टांगलेलीं दोन घड्याळें होतीं. त्यांचे लंबक एक उजवीकडे तर दुसरा डावीकडे, असे अगदीं बरोबर जोडीनें हालत असल्याचें त्याच्या नजरेस आलें. त्यानें मुद्दाम ताल बिघडवून पाहिला, तों अर्ध्या तासाच्या आंत तो पुन्हां जुळला. घड्याळांना आज्ञा कोणीं केली नव्हती. दोघांना धरून ठेवणारा आधार डोळ्यांस न दिसण्याइतका हालत होता, आणि एकाची वार्ता दुसऱ्यास पोंचवीत होता.

आपल्याला असा चमत्कार पाहण्यास हॉलंडास जाण्याचें कारण नाहीं. मे महिन्याच्या अखेरीस, वळवाचे शिडकावे होऊन गेल्यावर, अकोलें तालुक्यांत भंडारदरा-घाटघरच्या बाजूस रात्रीं जाऊन पाहावें. हिरडा, बेहडा, जांभूळ, सादडा अशा झाडांवर काजव्यांचे थवेच्या थवे बसलेले असतात. पहिल्यानें प्रत्येक काजवा आपल्या मनानें लुकलुकतो. परंतु थोडा धीर धरून पाहिलें तर एखादें झाड श्वास घेतल्यासारखें उजळतें, विझतें आणि पुन्हां उजळतें. तेथें नायक कोणी नसतो. शेजाऱ्याची चमक पाहून काजवा आपली चमक किंचित् मागें-पुढें करतो, असें या कीटकांचा अभ्यास करणारे सांगतात. जपानांतील कुरामोतो यांनीं १९७५ मध्यें अशा ताल जुळण्याचें सुटसुटीत गणित मांडलें. त्याचा आशय असा कीं, शेजाऱ्याशेजाऱ्यांतील बंधन फार सैल असेल तर जो तो आपल्याच गतीनें चालतो. परंतु तें बंधन एका विशिष्ट मर्यादेपलीकडे घट्ट होतांच सामाईक ताल उमटूं लागतो. हा ताल नाजूकही असतो. पर्यटकांच्या मोटारींच्या प्रखर दिव्यांनीं काजवे बावरतात, ही तक्रार त्या भागांत दर वर्षीं ऐकूं येते.

आतां याच अकोलें तालुक्यांतील दुसरें एक जाळें पाहूं. प्रवरेवरील भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें; त्याच्या पाण्यावर आज वीजही निर्माण होते. जवळच घाटघर येथें २००८ मध्यें निराळ्याच प्रकारची योजना सुरू झाली. तेथें वर घाटमाथ्यावर एक जलाशय आहे व खालीं कोंकणच्या बाजूस दुसरा. विजेची मागणी कमी असते तेव्हां खालचें पाणी वर चढवावयाचें, आणि मागणी वाढली कीं तेंच खालीं सोडून वीज करावयाची. तेथील दोन यंत्रें प्रत्येकीं १२५ मेगावॉटचीं आहेत. हीं यंत्रें, कोयनेचीं यंत्रें, चंद्रपूरचीं कोळशावरचीं यंत्रें, सर्व एकाच तालावर चालतात : सेकंदाला ५० आवर्तनें. एका मोठ्या यंत्राचें चाक मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, दुसऱ्याचें त्याहून सावकाश फिरत असेल. त्यांच्या बांधणींत फरक असतो. परंतु विजेचा ठोका मात्र सर्वांचा एकच. ३१ डिसेंबर १९१३ नव्हे, १०० वर्षांनंतर, ३१ डिसेंबर २०१३ रोजीं रायचूर ते आपल्या शेजारचें सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी जोडली गेली. दक्षिणेचें जाळें उर्वरित देशाच्या जाळ्यास मिळालें, आणि तेव्हांपासून काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतच्या वीजगृहांचा ताल एक झाला.

हा ताल बिघडतो कशानें ? धान्य कणगींत भरतां येतें तशी वीज मोठ्या प्रमाणावर सहज सांठवितां येत नाहीं. ज्या क्षणीं ती जितकी लागते, त्याच क्षणीं तितकी निर्माण व्हावी लागते. मागणी वाढली कीं चढावर लागलेल्या बैलाप्रमाणें देशांतील सारीं यंत्रें किंचित् मंदावतात आणि ठोका ५० च्या खालीं येतो. मागणी एकाएकीं घटली कीं तीं उधळूं पाहतात. आपल्या देशांत ४९.९० पासून ५०.०५ पर्यंतचा पट्टा सुरक्षित मानला आहे. एवढ्या अरुंद बांधावरून एवढा मोठा गाडा रात्रंदिवस हांकावयाचा असतो.

तो कोण हांकतो ? राखणदार चार आहेत, आणि त्यांच्या रीति भिन्न आहेत. पहिला राखणदार प्रत्येक मोठ्या यंत्रावर बसविलेला गतिनियामक. तो कोणाच्या आज्ञेची वाट पाहत नाहीं. ठोका मंदावला असें जाणवतांच पाण्याचें किंवा वाफेचें दार थोडें अधिक उघडतो. दुसरी रीति म्हणजे निवडक वीजगृहांना मध्यवर्ती केंद्राकडून कांहीं कांहीं सेकंदांच्या अंतरानें "थोडें वाढवा, थोडें कमी करा" असे संकेत जाणें. तिसरा राखणदार माणूस. ऐरोली येथें राज्याचें, मुंबईस पश्चिम विभागाचें व दिल्लीस राष्ट्राचें भारप्रेषण केंद्र आहे. तेथील अभियंते दिवसाचे पंधरा पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडून कोणीं किती वीज द्यावी व कोणीं किती घ्यावी याचें वेळापत्रक आंखतात. चौथा उपाय शेवटचा : ठोका ठरलेल्या मर्यादेखालीं उतरला तर कांहीं भागांचा पुरवठा आपोआप तोडावयाचा, बोट तोडून हात वांचवावा तसें.

या चार उपायांत एक गोष्ट समान आहे. प्रत्येक पंपावर, प्रत्येक दिव्यावर पहारेकरी कोठेंच नाहीं. २००२ मध्यें वांग आणि चेन या दोन संशोधकांनीं गणितानें असें दाखविलें कीं, ज्या जाळ्यांत कांहीं थोड्या गांठींना पुष्कळ धागे मिळालेले असतात तेथें त्या थोड्या गांठी पक्क्या धरल्या तर सारें जाळें मागून येतें. वाटेल त्या गांठी धरल्या तर मात्र कितीतरी अधिक धराव्या लागतात. या रीतीस खुंटी ठोकण्याची उपमा देतात, आणि ती यथार्थ आहे. तंबूच्या कापडाच्या प्रत्येक सुताला कोणी खुंटी मारीत नाहीं. मोजके दोर ताणले कीं सारा तंबू उभा राहतो. परंतु यावरून मोठी गांठ तीच नेहमीं महत्त्वाची असें कोणीं समजूं नये. लिऊ, स्लोटीन व बाराबाशी यांनीं २०११ मध्यें निराळा प्रश्न घेतला : जाळ्यास वाटेल त्या स्थितीस न्यावयाचें तर कोणत्या गांठी हातीं असाव्या ? तेव्हां आढळलें कीं, अशा गांठी बहुधा सर्वांत अधिक धाग्यांच्या नसतात. कोठें धरावें हें काय साधावयाचें आहे त्यावरून ठरतें. माझीं दहा मुलें तींच होतीं. जागा बदलली तेव्हां काम झालें.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. बंधन जसें तारतें तसें बुडवितेंही. ३० जुलै २०१२ रोजीं पहांटे उत्तर भारताचें वीजजाळें कोसळलें, आणि दुसऱ्या दिवशीं दुपारीं उत्तर, पूर्व व ईशान्य अशीं तीन्ही जाळीं कोसळलीं. सुमारें ६० कोटि लोकांचा प्रदेश अंधारांत गेला. आगगाड्या जागच्या जागीं थांबल्या. कांहीं राज्यें ठरल्याहून अधिक वीज ओढीत होतीं. त्यामुळें बिना-ग्वाल्हेर या वाहिनीवर असह्य भार पडला. तिच्या संरक्षक यंत्रणेनें तो भार म्हणजे बिघाडच समजून वाहिनी तोडली, आणि एकाच्या हातून निसटलेलें ओझें दुसऱ्यावर व दुसऱ्याचें तिसऱ्यावर पडत गेलें. आपलें पश्चिमेचें जाळें त्यांतून वांचलें. त्याच वर्षीं विटहाउट आणि टिमे या जर्मन संशोधकांनीं गणितानें दाखविलें कीं, जाळ्यांत नवी तार जोडल्यानें ताल कधीं कधीं सुधारण्याऐवजीं मोडतो. जोड वाढविणें आणि ऐक्य वाढविणें या दोन गोष्टी एक नव्हेत.

याच्या उलट, जाळें नीट राखल्यास तें काय सोसूं शकतें याचा दाखला ५ एप्रिल २०२० रोजीं मिळाला. रोगाच्या सांथींत लोकांनीं रात्रीं नऊ वाजतां नऊ मिनिटें घरांतील दिवे मालवून पणत्या लावाव्या असें आवाहन होतें. थोड्या मिनिटांत देशाची मागणी सुमारें ३१,००० मेगावॉटनें घटली व लगेच पुन्हां वाढूं लागली. अभियंत्यांनीं आधींच तयारी करून धरणांवरील यंत्रें जोरांत चालू ठेविलीं होतीं, कारण पाण्याचें दार जितक्या लवकर बंद व उघडें करतां येतें तितक्या लवकर कोळशाची भट्टी कमीजास्त करतां येत नाहीं. नेमक्या वेळीं त्यांनीं तीं मंद केलीं, मग पुन्हां वाढविलीं. ठोका ४९.७० आणि ५०.२६ यांच्या दरम्यान हेलकावला, पण जाळें तुटलें नाहीं.

एवढें सांगितल्यावर, पालकहो, आतां माझें मत सांगतों, आणि तें सांगण्याकरितांच हा लेख लिहिला आहे. विजेचा ताल राखण्यासाठीं कोणीतरी आपली मागणी मागें-पुढें करावी लागते हें मला मान्य आहे. परंतु आपल्या भागांत तें ओझें गेलीं कित्येक वर्षें मुख्यतः एकाच वर्गानें वाहिलें. शेतीपंपांना थ्री फेज वीज आळीपाळीनें मिळत आली. कांहीं दिवस दिवसा, कांहीं दिवस रात्रीं. शहरांतील दिवे, कारखाने व पंखे आपल्या वेळेवर चालावे म्हणून खेड्यांतील माणसानें मध्यरात्रीं बॅटरी हातीं घेऊन उसाच्या सरींतून फिरावें अशी ती व्यवस्था. अकोलें, संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर या तालुक्यांत उसाच्या फडांत बिबटे राहतात हें कोणास नव्यानें सांगावयास नको. साप आणि थंडी निराळीच.

माझ्या वर्गांत एक मुलगा होता. कांहीं आठवडे तो पहिल्याच तासाला डुलक्या घेई, आणि कांहीं आठवडे टवटवीत असे. मीं त्याला एकदां सर्वांदेखत रागें भरलों, याचें मला आजही वाईट वाटतें. नंतर कळलें कीं, रात्रपाळीच्या आठवड्यांत तो बापाबरोबर बॅटरी धरून शेतांत उभा राही. बाप दारें धरी आणि मुलगा फडाकडे उजेड टाकी. देशाचा ठोका ५० वर राहत होता, त्यांत त्या मुलाच्या झोंपेचाही वाटा होता. हजेरीपटांत त्याची नोंद कोठें होणार ?

यावर कोणी म्हणेल, "मास्तर, इस्पितळ रात्रीं चालवावें लागतें, रेल्वे थांबवितां येत नाहीं, पुढें-मागें करतां येईल असा भार पंपाचाच. पाण्याला वेळ कोठें कळते ?" हा आक्षेप शास्त्राच्या दृष्टीनें खोटा नाहीं. पंपाला रात्र कळत नाहीं हें खरें. परंतु पंप चालू करणाऱ्याला ती कळते. भार हालविण्याजोगा आहे म्हणून तो मध्यरात्रींच हालवावा असें गणित कोठेंही सांगत नाहीं. तो मध्यान्हींही हालवितां येईल, आणि माझ्या मतें आतां तसेंच झालें पाहिजे.

तशी संधि आली आहे. २०१७ मध्यें मुख्यमंत्री सौर कृषि वाहिनी योजना निघाली, आणि तिच्या आरंभीच्या प्रकल्पांसाठीं निवडलेल्या गांवांत आपल्याच जिल्ह्यांतील राळेगणसिद्धी हें होतें. गांवाजवळच सूर्यप्रकाशापासून वीज करून ती शेतीच्या वाहिनीस दिवसा द्यावी, हा तिचा हेतु. २०२३ मध्यें तिचा दुसरा टप्पा सुरू झाला. सूर्यावरची वीज भर दुपारीं विपुल असते, तेव्हां ती शोषून घेणारा कोणी नसेल तर ठोका वर चढूं पाहतो. त्या वेळीं हजारों पंप विहिरींचें पाणी उपसूं लागले तर ते जाळ्यास ओझें न होतां आधार होतील. जो भार काल अडचण होती तोच उद्यां राखणदार ठरेल.

अर्थात् यालाही दुसरी बाजू आहे. कोळशाच्या वा पाण्याच्या यंत्राचें जड चाक एकदम थांबत नाहीं; तें आपल्या वेगानें क्षणभर तरी ताल धरून ठेवतें. सूर्याच्या तक्त्यांना चाक नाहीं. ढग आला किंवा सायंकाळ झाली कीं त्यांची वीज झपाट्यानें उतरते. दक्षिण ऑस्ट्रेलिया प्रांतांत वारा व सूर्य यांवरची वीज पुष्कळ आहे. तेथें सप्टेंबर २०१६ मध्यें वादळांत मनोरे कोसळून सगळा प्रांत अंधारांत गेला. पुढल्याच वर्षीं तेथें १०० मेगावॉटची बॅटरी बसविली गेली, आणि ती सेकंदाच्या अंशांत मदतीस धांवते. आपणही सूर्यशक्ति वाढवितांना खुंट्या ठोकण्यास विसरतां कामा नये. घाटघरासारख्या योजना, मोठ्या बॅटऱ्या, आणि ताल स्वतः ओळखून सांवरणारे इन्व्हर्टर यांची भर तक्त्यांच्या संख्येबरोबरच पडली पाहिजे. नुसते तक्ते मोजून समाधान मानणें म्हणजे दहाही पक्कीं मुलें पुढच्या रांगेंत उभीं करणें होय.

शेतकरी पालकांनाही नम्रपणें एक विनंति आहे. सारे एकदम चालणें नेहमींच हितकर नसतें. वीज येतांच पंप आपोआप सुरू व्हावा म्हणून पुष्कळांनीं मोटारीस ऑटोस्विच लावलेला असतो. पुरवठा सुरू होतांच शिवारांतील सर्व मोटारी एका क्षणीं उठतात, आणि उठतांना प्रत्येक मोटार चालतांना घेते त्याच्या कित्येक पट वीज ओढते. मग डी. पी. जळते आणि सारें शिवार चार-आठ दिवस कोरडें राहतें. येथें ताल मोडणेंच श्रेयस्कर आहे. शेजाऱ्यांशीं बोलून दहा-दहा मिनिटांच्या अंतरानें मोटारी लावल्या आणि मोटारीस कपॅसिटर बसविला, तर त्यासाठीं कोणा गणितज्ञाची गरज पडणार नाहीं.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यांतील कांहीं जण उद्यां अभियंते होतील, एखादा भारप्रेषण केंद्रांतील खुर्चीवर बसेल. तुमच्यासमोरच्या पडद्यावर ४९.९८, ५०.०१ असे आंकडे हालत असतील. ते स्थिर राखणें हें तुमचें कर्तव्यच आहे. परंतु ते कोणाच्या श्रमावर स्थिर आहेत, हेंही अधूनमधून विचारीत जा. थोड्यांना नीट धरून सर्वांना सांवरतां येतें हें शास्त्रानें सिद्ध केलें आहे. ते थोडे कोण असावे, आणि त्यांनीं कोणत्या वेळीं भार उचलावा, हें ठरविणें आपल्या हातीं आहे. आणि तें ठरवितांना वर्गांत झोंपणाऱ्या त्या मुलाची आठवण ठेवावी, एवढेंच माझें मागणें आहे.